ताई, वॉर्निंग येतेय!

एरर आणि वॉर्निंग यांतला फरक माहितीये ना? एरर आली की काम ठप्प. आपण चार शिव्या घालतो, चहा प्यायला उठतो... पण काहीतरी बिघडलंय हे निदान कळतं तरी. वॉर्निंगचं तसं नसतं. काम होतं, उत्तरही येतं, आणि खाली लाल अक्षरांत एक ओळ उमटते. ती आपण वाचत नाही. क्रेडिट कार्डाच्या फॉर्ममागचा बारीक टाइप वाचतो का आपण? तसंच. मी तर आठ वर्षांत एकदाही वाचली नव्हती.

आणि तिसराही एक प्रकार असतो. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही म्हणजे काही नाही. फक्त चुकीचं उत्तर. तेही अगदी छान, दोन दशांशांपर्यंत, रंगीत ग्राफसकट! माझी गोष्ट या तिसऱ्या प्रकारातली आहे.

मी पुण्यात एका कंपनीत डेटा ॲनालिस्ट आहे. आई शेजारच्या काकूंना सांगते, 'ती कम्प्युटरवर सरासऱ्या काढते.' एमबीएची फी भरूनसुद्धा तिला याहून भारी काही सांगता येत नाही याचं मला पूर्वी वाईट वाटायचं. आता वाटत नाही. सरासऱ्याच काढते मी.

सरासऱ्या काढण्यासाठी आमच्याकडे आधी एक महागडं सॉफ्टवेअर होतं. २०१८ मध्ये त्याच्या लायसन्सचं बिल पाहून वरच्या मजल्यावर कुणाला तरी घाम फुटला आणि फर्मान निघालं, यापुढे 'आर' वापरा. आर म्हणजे इंग्रजी अक्षर आर. संख्याशास्त्राची आकडेमोड करायची एक ओपन सोर्स भाषा. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन प्राध्यापकांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती रचायला घेतली. दोघांच्या नावाचं पहिलं अक्षर आर, म्हणून भाषेचं नाव आर. (बेल लॅब्जमध्ये त्याआधी 'एस' नावाची भाषा होती, तिला मारलेला तो डोळाही होता.) १९९५ पासून ती कुणालाही फुकट वापरता, उघडून बघता, बदलता येते. सरांचा प्रश्न एकच होता, 'फुकट आहे ना? मग झालं!'

फुकट म्हणजे काय, हे आर रोज सांगते. प्रोग्राम उघडला की पहिल्या चार ओळींतच ठळक कॅपिटल अक्षरांत लिहिलेलं असतं की बाबांनो, याची कसलीही गॅरंटी नाही. तीही ओळ मी कधी वाचली नव्हती, हे वेगळं सांगायला नको.

तर, मे २०२०. लॉकडाऊन. तुमच्यासारखीच मीही डायनिंग टेबलला ऑफिस म्हणत होते. वर पंखा, बाजूला मेथी निवडणारी आई, समोर लॅपटॉप. एका घरगुती उपकरणांच्या कंपनीचं काम आमच्याकडे होतं. फ्रिज, वॉशिंग मशिन वगैरे. त्यांच्या राज्यभरच्या सर्व्हिस सेंटर्सची जानेवारी ते मार्चमधली कामगिरी तपासायची होती. तक्रार आल्यापासून ती मिटेपर्यंत किती दिवस लागले, त्याची सेंटरवार सरासरी. एवढंच. सगळ्यांत ढिली पाच सेंटर्स काढायची, आणि त्यांचं काँट्रॅक्ट पुढे वाढवायचं नाही असं क्लायंटचं ठरलेलं. एका सेंटरमध्ये सात-आठ माणसं काम करतात. त्या मे महिन्यात ज्याची नोकरी गेली त्याला दुसरी कुठे मिळणार होती, ते सांगायला ॲनालिस्ट लागत नाही.

माझ्या हाताखाली एक ज्युनियर होता. सहा महिन्यांपूर्वीच लागलेला, अजून प्रोबेशनवर. अंगानं लहानखुरा म्हणून सगळे त्याला बारक्या म्हणायचे. मूळचा बार्शीचा. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरिअल नावाचा प्रकल्प आहे. ओपन सोर्स सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे छोटे व्हिडिओ असतात त्यांचे, बरेचसे मराठीतही ऐकता येतात. ते बघून बघून हा पठ्ठ्या शिकलेला. मार्चमध्ये गावी गेला तो तिथेच अडकला. ऑफिसचा डेस्कटॉप पुण्यात, म्हणून त्याने चुलतभावाचा लॅपटॉप घेतला, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आर डाउनलोड केली आणि कामाला लागला.

एकाच फाइलवर दोघांनी वेगवेगळं काम करून उत्तरं ताडून बघायची, हा आमच्याकडचा नियम. पण मी आळशीपणा केला. स्क्रिप्ट मीच लिहिली आणि त्याला म्हटलं, 'तुझ्याकडे फक्त चालवून बघ.'

संध्याकाळी त्याचा फोन. 'ताई, माझं उत्तर वेगळं येतंय.'

'वेगळं म्हणजे?'

'सगळंच वेगळं. तुमच्याकडे सांगली सगळ्यांत ढिली आहे. सव्वीस दिवस. माझ्याकडे सांगलीचे पाच येतात. आणि ठाणं तुमच्याकडे पाच दिवस आहे ते माझ्याकडे तेरा.'

तीच फाइल, तीच स्क्रिप्ट. उत्तर मात्र उलटंपालटं! असं कसं होईल? मी पुन्हा चालवली. सांगली सव्वीस. त्याने पुन्हा चालवली. सांगली पाच.

'तू काहीतरी बदललंस.'

'नाही ताई. फक्त एक वॉर्निंग येतेय. एनए इंट्रोड्यूस्ड बाय कोअर्शन असं काहीतरी.'

'माझ्याकडे नाही येत. म्हणजे तुझ्याच इन्स्टॉलेशनमध्ये घोळ आहे. वॉर्निंग सोड, डेटा परत डाउनलोड कर.'

तो दोन सेकंद गप्प राहिला. मग जरा चाचरत म्हणाला, 'ताई, सांगलीवाले खरंच पटापट काम करतात. माझी मावशी असते तिथं. तिचं मशिन चार दिवसांत...'

मी काय म्हणाले असेन? 'अरे, मावशी म्हणजे डेटा नाही.'

हे वाक्य मला तेव्हा फार म्हणजे फारच आवडलं होतं. टीमच्या ग्रुपवर टाकलंसुद्धा. तीन स्मायली आल्या.

शुक्रवारी सरांना ड्राफ्ट पाठवला. सरांनी फोनवर विचारलं, 'क्रॉसचेक झालाय?' मी म्हणाले, 'झालाय, पण त्याच्याकडे आकडे जुळत नाहीयेत. नवीन आहे ना सर, घरच्या लॅपटॉपवर काहीतरी गडबड करून बसलाय.' सर म्हणाले, 'त्याला या प्रोजेक्टवर ठेवायचं का ते बघू.' मी काही बोलले नाही.

शनिवारी मात्र सरांचा मेसेज आला की सोमवारी अकराला क्लायंट आहे, आकडे का जुळत नाहीत ते एका ओळीत लिहून ठेव, विचारतील. आता आली का पंचाईत! 'गडबड करून बसलाय' असं क्लायंटला लिहून देता येत नाही. नेमकी काय गडबड, ते दाखवावं लागतं.

जुन्या महागड्या सॉफ्टवेअरच्या वेळी अशा प्रसंगी एक नंबर फिरवायचा असायचा. आधी सनई-चौघडा वाजायचा, मग तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे असं चारदा ऐकायला मिळायचं, मग एक अकरा आकडी तिकीट नंबर. तीन दिवसांनी कुणीतरी अतिशय गोड आवाजात विचारायचं, 'मॅम, तुम्ही मशिन रिस्टार्ट करून बघितलं का?' आरमध्ये असा नंबर नाही. तिथे आधी तुम्ही आणि मॅन्युअल. कुठल्याही आज्ञेपुढे प्रश्नचिन्ह टाकलं की तिची माहिती उघडते, दोन प्रश्नचिन्हं टाकली की शोधून देते. आज्ञेचं नुसतं नाव कंस न लावता टाइप केलं तर बहुतेक वेळा तिच्या पोटातला सगळा कोड समोर येतो, घ्या वाचून! आणि तरीही नाही समजलं तर आर वापरणाऱ्यांचा जगभर पसरलेला गोतावळा आहे, त्यांना विचारायचं. त्यांत अशीही माणसं असतात ज्यांनी ती आज्ञा स्वतः लिहिलेली असते. ती आपल्या नोकऱ्या, पोरंबाळं, भांडीकुंडी सांभाळून उत्तरं देतात. एक छदामही न घेता.

फक्त त्यांना विचारायचं कसं, हे शिकावं लागतं. मला येत नव्हतं.

रविवारी रात्री नऊ वाजता मी प्रश्न लिहिला. आज वाचला की अंगावर काटा येतो. मथळा होता 'अर्जंट! आर चुकीचं उत्तर देतेय, प्लीज हेल्प!!' दोन उद्गारचिन्हं. खाली पानभर कहाणी. क्लायंट कोण, मीटिंग कधी, मी किती वर्षं हे काम करतेय, माझा ज्युनियर कसा नवखा आहे, त्याच्या मशिनवर उत्तर कसं चुकीचं येतंय. सोबत स्क्रिप्टचा स्क्रीनशॉट, तोही मोबाइलने काढलेला, तिरका. एका कोपऱ्यात मेथीची जुडी. डेटा दिला नव्हता, कॉन्फिडेन्शियल ना!

चाळीस मिनिटांत उत्तर आलं. दोन ओळी. 'दोन्ही मशिनवरच्या सेशनइन्फोचं आउटपुट द्या. पाच-सहा ओळींचा असा नमुना द्या की जो चालवला की हाच प्रकार आम्हाला आमच्याकडे दिसेल.' आणि खाली आणखी एक ओळ. 'ज्युनियरचंच उत्तर चुकीचं आहे हे तुम्ही कशावरून ठरवलंत?'

डोकंच फिरलं माझं. हा कोण टिकोजीराव? हॅलो नाही, प्लीज नाही! ओपन सोर्सवाले तुसडे असतात असं ऐकून होते, त्याचा हा पुरावाच. (खरं सांगू? काही जण असतात तुसडे. नवख्या पोरापोरींना असं काही झापतात की ती पुन्हा तोंड उघडत नाहीत. त्याचं कौतुक मी करणार नाही. पण हा माणूस तसा नव्हता. त्याने फक्त माझ्या कहाणीत रस घेतला नव्हता.)

रागारागात मी नमुना बनवायला बसले. खरा डेटा देता येत नव्हता, म्हणून सहा खोट्या ओळी हाताने लिहिल्या. सांगलीच्या तीन: ३ दिवस, ४ दिवस, ९ दिवस. ठाण्याच्या तीन: १० दिवस, १२ दिवस आणि एक डॅश. आमच्या फाइलमध्ये ज्या तक्रारी अजून मिटल्याच नव्हत्या त्यांच्यापुढे दिवसांच्या जागी डॅश होता. म्हटलं हुबेहूब नमुना हवा ना, घ्या डॅशसुद्धा.

स्क्रिप्ट चालवली. सांगली ५. ठाणं २.

मी स्क्रीनकडे बघत राहिले. काही हजार ओळींच्या फाइलची सरासरी तोंडी काढता येत नाही. पण सहा ओळींची येते! तीन अधिक चार अधिक नऊ, सोळा. भागिले तीन, पाच पूर्णांक एक तृतीयांश. पाच कसे? आणि ठाण्यात दहा आणि बारा आहेत, त्यांची सरासरी दोन?! हे तर चौथीतल्या पोराला दाखवलं तरी तो हसेल.

एरर नाही. वॉर्निंग नाही. माझ्या लॅपटॉपवर, माझ्या स्क्रिप्टने, मी स्वतः लिहिलेल्या सहा ओळींवर. आता यात बारक्या कुठेच नव्हता.

साडेअकरा वाजले होते. फोन लावला. तो जागाच होता. सहा ओळी व्हॉट्सॲपवर पाठवल्या. 'चालव.'

'सांगली पाच पॉइंट तेहेतीस. ठाणं अकरा. आणि ताई, ती वॉर्निंग...'

'हो. वाच ती वॉर्निंग. अक्षर न् अक्षर वाच.'

त्याने वाचली. अर्थ साधा होता. काही ठिकाणी संख्या नव्हती, तिचा आकडा करता आला नाही, तिथे मी 'माहिती उपलब्ध नाही' असं भरलंय. म्हणजे तो डॅश! आर त्याला प्रामाणिकपणे सांगत होती की ताई-दादांनो, तुमच्या रकान्यात डॅश आहे. आणि मी त्याला सांगत होते, वॉर्निंग सोड.

'आता आर उघडल्यावर पहिली ओळ येते ती वाच.'

'आर व्हर्जन ४.०.०. पुढे २४ एप्रिल २०२० अशी तारीख आहे. आणि आर्बर डे असं लिहिलंय.'

मी माझी बघितली. ३.६.१. जुलै २०१९. 'ॲक्शन ऑफ द टोज.' (आरच्या प्रत्येक आवृत्तीला असं एक गमतीदार नाव असतं, 'पीनट्स' या कार्टूनमधून उचललेलं. चार्ली ब्राऊन आणि स्नूपीवालं.) त्याने लॉकडाऊनमध्ये नव्याने इन्स्टॉल केली म्हणून त्याला जेमतेम दोन आठवड्यांची ताजी आवृत्ती मिळाली होती. माझी ऑफिसच्या आयटीवाल्यांनी टाकून दिलेली, जुनी.

दोन्ही आवृत्त्या आणि सहा ओळी लिहून पाठवल्या. या वेळी मथळ्यात अर्जंट नव्हतं. पंधरा मिनिटांत उत्तर आलं. 'तुमचा रकाना फॅक्टर झालाय. एफएक्यूमधला ७.१० वाचा. ज्युनियर बरोबर आहे.'

फॅक्टर म्हणजे काय, ते जरा सांगते. थोडं टेक्निकल आहे, पण हीच तर गंमत आहे. संख्याशास्त्रात बरेचदा रकान्यात शब्द असतात. स्त्री-पुरुष, लहान-मोठा, औषध दिलं-नाही दिलं. त्यांचे गट पाडायचे असतात. म्हणून जुनी आर, रकान्यात अक्षरं दिसली की आपण होऊन त्याचा 'फॅक्टर' करायची. म्हणजे वेगवेगळ्या किमतींची एक यादी बनवायची, अक्षरांच्या क्रमाने लावायची, आणि आत साठवताना मूळ शब्दाऐवजी यादीतला नंबर ठेवायची. कॉलेजात प्रत्येकाला रोल नंबर देतात ना, तसं. संशोधकांना हे सोयीचं होतं, आणि पूर्वी कम्प्युटरची मेमरी तोकडी असायची तेव्हा जागाही वाचायची.

आता माझा दिवसांचा रकाना घ्या. सगळे आकडे असते तर काही झालं नसतं. पण त्यात डॅश होता. एक डॅश दिसला की आर म्हणाली, अच्छा, हा अक्षरांचा रकाना आहे तर! मग तिने यादी लावली, पण अक्षरांच्या क्रमाने, डिक्शनरीसारखी. आधी डॅश. मग १. मग १०, ११, १२ असं १९ पर्यंत. त्यानंतर २. मग २०, २१... त्यानंतर ३. अगदी शेवटी ९. आणि मी स्क्रिप्टमध्ये सांगितलं होतं, याचा आकडा कर. तिने केला. रोल नंबरचा आकडा!

त्यामुळे तीन दिवसांत मिटलेली तक्रार माझ्या रिपोर्टमध्ये चोवीस दिवसांची झाली. नऊ दिवसांची एकतीस. आणि दहा दिवसांची? फक्त तीन! जे एकेरी दिवसांत काम उरकत होते ते सगळे तळाला गेले आणि रखडणारे शिखरावर. सगळ्यात कहर म्हणजे डॅश. यादीत त्याचा नंबर पहिला. ज्या घरातलं मशिन दुरुस्त झालंच नव्हतं, ते आमच्या हिशेबात एका दिवसात दुरुस्त झालं होतं.

एकतीस! हा आकडा मी शुक्रवारीच पाहिला होता. सर्वाधिक दिवस, एकतीस. क्लायंटच्या नियमाप्रमाणे तीस दिवसांवर गेलेली तक्रार मुख्य कचेरीकडे वर्ग होते, तिचं रजिस्टर वेगळं. म्हणजे या फाइलमध्ये तिसाच्या वर काही असूच शकत नव्हतं. ते मला माहीत होतं. तरी मी मनाशी म्हटलं होतं, महिना एकतीसचा असतो ना, असेल.

एफएक्यू ७.१० उघडलं. फॅक्टरचे आकडे कसे करायचे, असा साधा प्रश्न आणि खाली छोटंसं उत्तर. माझ्याआधी इतक्या लोकांचा इथे पाय घसरला होता की तिथे कायमची पाटी लावून ठेवलेली. आरचे कर्तेसवरतेही या सवयीला कंटाळले असावेत. कारण बरोबर ४.०.० या आवृत्तीत, २४ एप्रिल २०२० ला, त्यांनी ती बदलली. आता अक्षरं ही अक्षरंच राहतात, आणि त्यांचे आकडे करायला गेलं की जे जमत नाही तिथे वॉर्निंग येते. हे सगळं नव्या आवृत्तीसोबतच्या बदलांच्या यादीत लिहिलेलं होतं. माझं मत विचाराल तर हा बदल दहा वर्षं आधी व्हायला हवा होता. पण झाला असता तरी मी ती यादी वाचली नसती हेही खरं. आणि नुसती नवी आवृत्ती टाकणं हा काही इलाज नव्हेच. फाइल वाचतानाच 'डॅश म्हणजे माहिती नाही' असं सांगायला हवं होतं. एका शब्दाचं काम. ते माझं होतं.

बारक्याला फोनवर सॉरी म्हटलं. तो म्हणाला, 'असू द्या ताई.' इतक्या पटकन म्हणाला की मला जास्तच लागलं.

सोमवारी सकाळी साडेआठला सरांना फोन केला. आदल्या रात्री आरशासमोर वाक्यं पाठ केली होती. 'सर, सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्यांमधल्या फरकामुळे...' अशी सुरुवात होती. वाक्यात मी कुठेच नव्हते. आमच्या धंद्यात अशी वाक्यं आम्हाला फार छान जमतात. सरांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, 'म्हणजे तो मुलगा बरोबर होता?'

'हो.'

'मग शुक्रवारी मला काय सांगितलंस तू?'

मीटिंग बुधवारवर गेली. सांगलीचं नाव यादीतून निघालं. पण सरांनी शनिवारीच बारक्याबद्दल एचआरला मेल टाकला होता, आणि तो परत फिरवायला जे काय फॉर्म, ॲप्रूव्हल आणि कॉल लागतात ते सगळे लागले. त्याचं कन्फर्मेशनचं पत्र दीड महिना उशिरा आलं. लोकांचे पगार कापले जात होते त्या दिवसांत दीड महिना बार्शीत बसून पत्राची वाट बघायची म्हणजे काय, ते मी त्याला विचारलं नाही. टीमच्या ग्रुपवर मात्र सगळं लिहिलं. मावशीच्या वाक्यासकट. या वेळी स्मायली आल्या नाहीत. एका मुलीने फक्त विचारलं, 'फॅक्टरवाला प्रकार माझ्या जुन्या रिपोर्टमध्येही असेल का गं?' होता. दोन रिपोर्टांत.

त्या अनोळखी माणसाला मी आभाराचं लांबलचक पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही. तो बहुधा कुणा दुसऱ्याला सेशनइन्फो मागत असणार.

तेव्हापासून मी कुठलाही प्रश्न विचारण्याआधी पाच-सहा ओळींचा नमुना हाताने लिहिते. दहातले सात-आठ प्रश्न नमुना लिहितानाच सुटतात, विचारायची वेळच येत नाही. उरलेल्यांची उत्तरं पटकन मिळतात. फंडा साधा आहे, पण एक गोष्ट मला अजूनही जड जाते, ती म्हणजे प्रश्नात 'माझं उत्तर बरोबर आहे' हे आधीच न लिहिणं.

मंगळवारी रात्री बुधवारचा रिपोर्ट पक्का करत होतो. या वेळी दोघांनी वेगवेगळ्या स्क्रिप्ट लिहिल्या होत्या. आकडे जुळले. सांगली पाच पॉइंट दोन, ठाणं तेरा. मी लॅपटॉप मिटणार तेवढ्यात तो म्हणाला, 'ताई, एक विचारू? डॅशवाल्यांचं काय?'

'ते एनए केलेत ना. सरासरीत येत नाहीत.'

'तेच म्हणतोय. तुमच्या जुन्या हिशेबात ते एका दिवसात दुरुस्त होत होते. आता ते हिशेबातच नाहीत. पण ते लोक थांबलेत ना अजून? जो जितक्या तक्रारी पेंडिंग ठेवेल तितकी त्याची सरासरी चांगली दिसणार.'

खरंच की! आणि याला उत्तरही आरमध्ये होतं. 'सर्व्हायव्हल' नावाचं पॅकेज, आरसोबतच येतं. वैद्यकीय संशोधनात अभ्यास संपतो तेव्हा काही पेशंट अजून हयात असतात. ते पुढे किती जगतील हे माहीत नसतं, पण 'निदान इतके दिवस तरी' हे माहीत असतं. ती अर्धवट माहिती फेकून न देता मोजायची कशी, हे कॅपलान आणि मायर या दोघांनी १९५८ मध्ये मांडलं. वॉशिंग मशिनच्या तक्रारीलाही ते चालतं. ज्याचं मशिन सतरा दिवस बंद आहे त्याला 'निदान सतरा' म्हणून धरायचं, डॅश म्हणून नाही.

रात्री एक वाजेपर्यंत आम्ही त्या पॅकेजच्या मदतीची पानं वाचत बसलो. तो तिकडे, मी इकडे, मध्ये त्याचा अडखळता हॉटस्पॉट. दोनदा एरर आली. तीनदा वॉर्निंग आली. तिन्ही मोठ्याने वाचल्या.

'आणि ताई, ते तीस दिवसांच्या वरचं रजिस्टर? तेही मागवायचं का?'

बुधवारी सकाळी मागवलं. त्यात ठाण्याच्या एकशे बारा ओळी होत्या. सांगलीची एक.